पिरियड ट्रॅकर अॅपचं ‘आजची इच्छा’ सांगणारं प्रीमियम फीचर: घ्यावं का?

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. अॅपचा फुकटचा भाग छान आहे, बिनधास्त वापरा. पैसे भरल्यावर जे उघडतं, म्हणजे “आज तुमची इच्छा जास्त असेल, उद्यापासून कमी होईल” असं (म्हणजे शरीरसंबंधाची इच्छा) रोज सकाळी सांगणारा तो ग्राफ, त्याच्यासाठी एक रुपयाही घालवू नका. अॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण थोड्याफार फरकाने हे असलं काहीतरी आता बऱ्याच ट्रॅकर्समध्ये आलंय आणि मला एका कंपनीबद्दल नाही तर या फीचरबद्दल बोलायचंय.

माझं थोडक्यात सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. वय छत्तीस, एक मुलगी आहे, बाळंतपणानंतर तांबी बसवलीय. साध्या कॉपरवाल्या तांबीत हार्मोन नसतात, त्यामुळे अंडं दर महिन्याला त्याच्या वेळेला बाहेर पडतंच, पाळीचं चक्र जसं असायला हवं तसंच चालू राहतं. म्हणजे हे फीचर तपासायला मी तशी योग्य गिऱ्हाईक. माझी जाऊ गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिनेही हेच अॅप टाकलं आणि तिलाही महिन्याच्या मध्यावर “ओव्ह्युलेशन (म्हणजे अंडं बाहेर पडणं), इच्छा सर्वोच्च” असा मेसेज येतो! अहो, गोळीचं कामच मुळात अंडं बाहेर पडू न देणं हे आहे, आणि गोळ्या घेताय का हे अॅपने सुरुवातीला विचारलेलं असतं, तिने हो असं भरलेलंही आहे. मग ती माहिती घेऊन केलं काय? माझा या ग्राफवरचा विश्वास पहिल्यांदा इथे उडाला.

आता फुकटचा भाग. पाळीची तारीख टाकायची, किती जातंय ते टाकायचं, पोट कंबर पोटऱ्या दुखतायत का, छाती जड वाटतेय का, झोप कशी झाली, बस. काही महिन्यांची माहिती गोळा झाली की पुढची पाळी कधी येणार हे माझ्या बाबतीत जवळपास बरोबर सांगतं, एखाद दिवस इकडे तिकडे. सगळ्यात उपयोगी म्हणजे पीडीएफ निघतो. गायनॅककडे गेल्यावर “शेवटची पाळी कधी आली, किती दिवस गेलं” या प्रश्नाला आपण छताकडे बघत बोटं मोजत बसतो ना, ते बंद झालं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडत होते ते लगेच त्यांच्या लक्षात आलं आणि तांबीची जागा तपासून घेतली. एवढ्या एका गोष्टीसाठी फुकटच्या भागाला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

पण याच फुकटच्या भागात एक मोठी गडबड आहे आणि प्रीमियमचा सगळा डोलारा त्या गडबडीवरच उभा आहे. ओव्ह्युलेशनचा दिवस ठरवताना अॅप गृहीत धरतं की चक्र २८ दिवसांचं आणि अंडं चौदाव्या दिवशी. शाळेत दहावीच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात हेच बसलंय. प्रत्यक्षात २०१९ साली सहा लाखांहून जास्त चक्रांची माहिती तपासून एक अभ्यास छापून आला होता, नॅचरल सायकल्स नावाच्या ट्रॅकर वापरणाऱ्या बायकांची माहिती होती ती, त्यात बरोब्बर २८ दिवसांची चक्रं फक्त १३ टक्के निघाली. सरासरी चक्र २९ दिवसांच्या थोडं वर, आणि पाळी सुरू झाल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंतचा काळ सरासरी १७ दिवसांच्या आसपास. हा पहिला भागच लांबतो आखडतो, टेन्शन, आजारपण, प्रवास, वजन, थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) सगळ्याचा परिणाम बहुतेक करून याच भागावर होतो. अंडं बाहेर पडल्यानंतरचा भाग त्यामानाने कमी हलतो, बारा ते चौदा दिवसांच्या आसपास राहतो. म्हणजे पाळी उशिरा आली तर बऱ्याचदा त्या महिन्यात अंडंच उशिरा सुटलेलं असतं. चौदावा दिवस चौदावा दिवस करत बसण्यात अर्थ नाही.

हे तपासून बघायचं म्हणून मी केमिस्टकडून ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप्स आणल्या आणि दोन दशांशापर्यंत दाखवणारा थर्मामीटर ऑनलाइन मागवला. म्हटलं रिव्ह्यू लिहायचाच तर नीट लिहू.

स्ट्रिप्सचं सांगते. लघवीत एलएच नावाचं हार्मोन एकदम वाढतं ते त्या दाखवतात, आणि ते वाढल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. दुसरी रेघ पहिल्या रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद आली तरच पॉझिटिव्ह, फिकट रेघ धरायची नाही, प्रेग्नन्सीच्या किटपेक्षा हे वेगळं आहे आणि इथे खूप जणी गोंधळतात. माझी गडद रेघ अॅपने सांगितलेल्या दिवसाच्या तीन-चार दिवस पुढे यायची, आणि एकदाच नाही, सारखीच. पीसीओएस असेल तर मात्र स्ट्रिप्सवर विसंबू नका, त्यात एलएच तसंही वाढलेलं असू शकतं आणि उगाच पॉझिटिव्ह दिसत राहतं.

थर्मामीटर मला फारसा झेपला नाही. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, रोज साधारण एकाच वेळेला टेंपरेचर घ्यायचं, आणि अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनमुळे ते अर्ध्या डिग्री सेल्सियसच्या आतबाहेर थोडंसं वर जातं आणि पाळीपर्यंत वरच राहतं. तापाचा साधा थर्मामीटर चालत नाही कारण फरकच एवढासा असतो. रात्री पोरगी दोनदा उठवते तिथे कसलं टेंपरेचर आणि कसलं काय, ग्राफ माझा वेडावाकडा. शिवाय हे सगळं झाल्यावर सांगतं, अंडं सुटून गेलं की मग. ज्यांची झोप सलग होते त्यांनी घ्या, लहान मूल असेल तर पैसे वाचवा.

आणि या दोन्हीपेक्षा फुकटचं साधन आपल्या अंगातच आहे. अंडं सुटायच्या आधीचे काही दिवस जे पांढरं जातं ते पारदर्शक, निसरडं, बोटांत धरून ताणलं तर तार निघणारं होतं, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं. इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की ते तसं होतं आणि नंतर प्रोजेस्टेरॉन आलं की घट्ट, चिकट, कमी होतं. आपल्याकडे ‘पांढरं जातंय’ म्हटलं की एकदम आजारच समजतात, अशक्तपणा आला म्हणतात, कितीतरी मुली घाबरून गुपचूप काहीबाही औषधं घेतात. खाज, घाण वास, हिरवट पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर डॉक्टरकडे जा, नाहीतर हे शरीराचं रोजचं कामकाज आहे. हे मला पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं फार वाटतं. अॅपमध्ये यासाठी रकाना आहे, चित्रंसुद्धा बरी आहेत, पण तुम्ही काय भरलं याच्याकडे बघून ओव्ह्युलेशनचा अंदाज मात्र बदलत नाही. कमाल आहे.

आता मुख्य मुद्दा, इच्छा. चक्राचा आणि इच्छेचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. संबंध आहे. २००४ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, ६८ बायकांचा, त्यांनी रोजची डायरी ठेवली होती आणि सगळ्या तांबीसारखं साधन वापरणाऱ्या किंवा नसबंदी झालेल्या, म्हणजे दिवस जाण्याची भीती किंवा इच्छा दोन्ही बाजूला. त्यात अंडं सुटण्याच्या आसपासच्या सहा दिवसांत शरीरसंबंध, पाळीचे दिवस सोडून उरलेल्या दिवसांच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी जास्त होते. मग २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी विद्यार्थिनींच्या लाळेतले हार्मोन मोजून दाखवलं की इस्ट्रोजेन चढलं की एकदोन दिवसांनी इच्छा थोडी वाढते, प्रोजेस्टेरॉन चढलं की उतरते. ज्या टेस्टोस्टेरॉन या ‘पुरुषी’ म्हणवल्या जाणाऱ्या हार्मोनचं एवढं कौतुक होतं त्याच्या महिन्यातल्या चढउताराशी मात्र इच्छेचा तसा संबंध दिसला नाही. तर ग्राफ हवेतून काढलेला नाही हे मान्य.

पण हा अनेक बायकांची सरासरी काढून दिसलेला कल आहे हो! सरासरीवरून माझं आजचं भाकीत कसं करणार? आणि तेही चुकीच्या दिवसावर बेतलेलं. मी अॅपच्या नोट्समध्ये स्वतःची इच्छा स्वतः लिहीत गेले, ग्राफ न बघता. मध्यावर थोडं काहीतरी वाढतं, जाणवतं, खरंय. पण त्याहून कितीतरी मोठा फरक दुसऱ्याच गोष्टींनी पडताना दिसला. झोप झालीय का. घरात पाहुणे आहेत का, आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. दिवसभरात नवऱ्याशी दोन धड वाक्यं बोलणं झालंय का, की फक्त गॅस सिलेंडर आणि शाळेची फी. ज्या दिवशी ग्राफ अगदी वर होता आणि “आज तुम्ही उत्साही आणि आकर्षक वाटाल” असा मेसेज आला त्या दिवशी मुलीला १०२ ताप होता आणि मी रात्रभर पट्ट्या ठेवत बसले होते. अॅपला हे कळणं शक्य नाही हे मला समजतं. मग त्याने ठामपणे सांगू नये, एवढंच.

आणि उलट बाजू जास्त वाईट आहे. माझ्या एका मैत्रिणीला पाळी यायच्या आदल्या दोनतीन दिवसांत सगळ्यात जास्त इच्छा होते, पहिल्यापासून. अनेकींना होते, काहींना पाळीतसुद्धा होते. अॅप त्या दिवसांत सांगतं “इच्छा कमी, विश्रांती घ्या”. तिने मला फोन करून विचारलं की माझ्यात काही बिघाड आहे का गं. एका शिकलेल्या, दोन मुलांच्या आईला, तिच्या स्वतःच्या अंगात जे वर्षानुवर्षं होतंय त्याबद्दल मोबाईलमधल्या रेघेमुळे शंका यावी याचा मला खरंच राग आला. (आणि पाळीत संबंध ठेवण्याबद्दल ती विचारत होती म्हणून लिहिते: दोघांची तयारी असेल तर वैद्यकीय दृष्ट्या मनाई नाही, कंडोम वापरा कारण इन्फेक्शनचा धोका असतो, आणि चक्र लहान असेल तर त्या दिवसांतही दिवस जाऊ शकतात कारण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात.)

हे फीचर बनवणाऱ्यांनी इच्छा म्हणजे एखादी आपोआप चढणारी उतरणारी गोष्ट धरलीय. म्हणजे आधी इच्छा होते, मग सगळं पुढचं. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने प्रयोगशाळेत मोजमाप करून चार टप्पे मांडले, उत्तेजना, मग ती टिकून राहणं, मग कळस, मग शरीर पूर्वपदावर येणं. ते मोजमाप तेव्हा फार मोलाचं होतं, पण त्यात इच्छा कुठून येते हा प्रश्नच नव्हता. २००० साली कॅनडातल्या रोझमेरी बॅसन या डॉक्टरने वेगळं मांडलं, की विशेषतः बरीच वर्षं सोबत असलेल्या नात्यात बाईला सुरुवातीला इच्छा नसेलही, ती नुसती जवळ यायला राजी असते, जवळीक आवडली, स्पर्श हवासा वाटला की शरीर प्रतिसाद देतं आणि मग त्यातून इच्छा जागी होते. म्हणजे इच्छा आधी न येता मधे येते. हे मला वाचल्यावर किती मोकळं वाटलं सांगू! आपल्यातल्या कितीतरी जणी “मला आता कधी आपणहून वाटतच नाही” म्हणून स्वतःला थंड ठरवून बसल्यात. अर्थात यात राजी असणं महत्त्वाचं, नको असेल तर नकोच, ‘सुरू कर मग वाटेल’ असा अर्थ कुणी काढू नये.

शरीराच्या खुणा आणि मन यांचं नेहमी जुळतंच असंही नाही. योनीत ओलावा येतो तो तिथला रक्तपुरवठा वाढल्याने, भिंतींतून पाझरतो. ओलावा आला म्हणजे बाईला हवंच आहे असं नाही, आणि मनातून खूप हवं असूनही कोरडं राहू शकतं, अंगावर पाजणाऱ्या आईला, पाळी जायच्या वयात, काही डिप्रेशनच्या गोळ्यांवर असताना तर बऱ्याचदा. त्याला साधा उपाय आहे, केमिस्टकडे वॉटर बेस्ड जेल मिळतं. खोबरेल तेल मात्र कंडोमसोबत अजिबात नको, तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं, हे घरोघरी माहीत असायला हवं. अॅपच्या प्रीमियम लेखांत जेलचं आहे, तेलाचं नाही. भारतात विकताय तर तेलाचं लिहा ना.

लेखांबद्दल एक चांगलं लिहिते. क्लिटोरिसबद्दलचा (योनीच्या वरच्या बाजूचा बाईच्या सुखाचा अवयव) लेख उत्तम आहे. बाहेर दिसतं ते फक्त टोक, बाकीचा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, हे १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या युरॉलॉजिस्टने शवविच्छेदन करून नीट मांडलं, तोपर्यंत वैद्यकीय पुस्तकांत त्याला धड जागाही नव्हती. २०१७ च्या एका अमेरिकन पाहणीत फक्त १८ टक्क्यांच्या आसपास बायकांनी सांगितलं की नुसत्या संभोगाने त्यांना कळस गाठता येतो. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणींना क्लिटोरिसला स्पर्श लागतोच किंवा त्याने कळस जास्त चांगला होतो. हा एक लेख फुकटात सगळ्यांना उघडा ठेवला असता तर पुण्य लागलं असतं, त्यालाही कुलूप.

खरं तर मराठीत हे बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षं झाली. र. धों. कर्वे आणि मालतीबाईंनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून कर्वे मासिक चालवत होते, बाईलाही कामेच्छा असते आणि तिलाही सुख मिळण्याचा हक्क आहे हे ते तेव्हा छापत होते, या सगळ्या कामापायी नोकरी सोडावी लागली, खटले झाले. आणि आज आपण तीच गोष्ट महिन्याचं सबस्क्रिप्शन भरून परक्या कंपनीकडून वाचतोय, याचं वाईट वाटतं.

पार्टनर सिंक नावाचा प्रकार आहे, तो तर बंदच ठेवा. आपल्या अॅपमधला कोड नवऱ्याच्या फोनमध्ये टाकला की त्याला मेसेज जातो, आज चांगला दिवस आहे वगैरे. आम्ही चालू करून बघितलं. दोन वेळा मेसेज आल्यावर नवराच म्हणाला, हे मला फोनकडून नको, तूच सांगत जा ना. काढून टाकलं. पण प्रत्येक घरात नवरा असं म्हणेल याची खात्री कोण देणार? जिथे बाईचं नाही ऐकून घेतलं जात नाही तिथे “अॅप तर हो म्हणतंय” हे हत्यार होऊ शकतं. हे फीचर ठेवायचंच असेल तर बाईने स्वतः भरलेलंच पुढे जावं, अंदाज नाही.

माहितीच्या सुरक्षेचं पण बघा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लो या प्रसिद्ध ट्रॅकरवर, वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती फेसबुक, गूगलसारख्यांच्या हाती दिल्याच्या आरोपावरून कारवाई केली होती, ते प्रकरण तडजोडीत मिटलं. तेव्हापासून मी खरं नाव, नेहमीचा ईमेल काही देत नाही, अॅपला पासकोड लावलाय आणि संबंध कधी आला हा रकाना रिकामाच ठेवते. ज्यांना फक्त नोंद हवीय त्यांनी ‘ड्रिप’ हे अॅप बघा, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो), माहिती आपल्याच फोनमध्ये राहते, दिसायला साधं आहे पण गुलाबी फुलं नाहीत हे मला आवडलं. नाहीतर वही आहेच.

मार्क द्यायचे तर फुकटच्या ट्रॅकरला पाचपैकी चार, स्ट्रिप्सना तीन, थर्मामीटरला दोन, प्रीमियमला एक, तो एक क्लिटोरिसच्या लेखासाठी. बाळासाठी प्रयत्न करत असाल तर अॅप दिवस जाण्याची शक्यता जास्त म्हणून जे दिवस हिरवे दाखवतं त्यांपेक्षा स्राव आणि स्ट्रिप्स बघा. बाळ नको असेल तर फक्त कॅलेंडर बघून ‘सेफ दिवस’ ठरवू नका, माझ्या बाबतीत अॅपचा अंदाज किती दिवसांनी चुकत होता ते वर लिहिलंच आहे.

कंपनीवाल्यांना ईमेल केलाय, इथेही लिहिते, बघू कोणी वाचलं तर. पोटदुखी, डोकेदुखी, पिंपल्स, चिडचिड सगळ्याला खूण करायला जागा आहे, “संबंधाच्या वेळी दुखलं का” याला नाही. आत खोल दुखणं हे एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजाराचं) लक्षण असू शकतं, सुरुवातीलाच आवळल्यासारखं होऊन जळजळणं हे व्हजायनिस्मस (योनीचे स्नायू आपोआप आवळण्याचा त्रास) असू शकतं, दोन्हीवर उपचार आहेत, आणि आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं ‘असंच असतं’ म्हणून सहन करतात कारण त्यांना कुणी विचारतच नाही. तेवढा एक रकाना टाका, फुकटच्या भागात टाका, आणि तो पीडीएफमध्ये येऊ द्या म्हणजे ज्या बाईला तोंडाने सांगायचा धीर होत नाही ती कागद तरी डॉक्टरसमोर ठेवेल.